सपाट चित्राला उठाव देताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बरेचसे ग्राहक एकाच पद्धतीने सुरुवात करतात. खिशातून मोबाइल काढतात. त्यात कुठून तरी उतरवून घेतलेले एखादे चित्र असते. मोर, कमळ, गणपती, धावणारे घोडे, काहीही. ते माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "एवढे मशिनवर टाका आणि लाकडात काढून द्या. तासाभरात होईल ना? सगळे कॉम्प्युटरच तर करतो!"

मला त्यांचा राग येत नाही, कारण एकेकाळी मीही असेच समजत होतो. माझा हा समज एका म्हाताऱ्या बाईंच्या सागवानी फळीवर उतरला आणि फळी वाया गेली. आज तीच गोष्ट सांगणार आहे. ती सांगता सांगता सपाट चित्राचे लाकडातले कोरीवकाम कसे होते, तेही सांगतो.

आमचे घराणे सुतारकामातले. आजोबा बैलगाड्या, औते आणि पाळणे करीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते कोरीवकामात रमले. देव्हारे, प्रभावळी, दाराच्या चौकटी हे त्यांचे काम. मी आयटीआय केले, काही वर्षे एका कारखान्यात मिलिंग मशिन चालवले आणि २०१४ साली बँकेचे कर्ज काढून एक सीएनसी राऊटर घरी आणला. तोवर अण्णांचा उजवा खांदा इतका धरला होता, की तासभर हातोडा चालवला तर रात्रभर झोप लागत नसे. मला वाटले, आता मशिन त्यांचे काम करील. मशिन आले त्या दिवशी अण्णांनी त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि नंतर वर्षभर त्याच्याविषयी चांगले-वाईट काहीच बोलले नाहीत.

हे मशिन म्हणजे काय, ते आधी पाहू. एक मोठे लोखंडी टेबल असते. टेबलावर लाकूड घट्ट आवळून बसवायचे. वर एक मोटर असते, तिला स्पिंडल म्हणतात. तिच्या तोंडाशी पोलादी किंवा कार्बाइडचा कटर असतो आणि तो मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. ही मोटर तीन दिशांनी सरकते. डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. या तीन दिशांना एक्स, वाय आणि झेड अशी नावे आहेत. किती सरकायचे, कोणत्या वेगाने सरकायचे, हे आकड्यांच्या भाषेत लिहून दिलेले असते. 'एक्स शंभरवर जा, वाय पन्नासवर जा, लाकडात तीन मिलिमीटर उतर' अशा हजारो ओळींची ती एक लांबलचक आज्ञापत्रिका असते. मशिन ती ओळीने वाचते आणि पाळते. त्याला गणपती ठाऊक नसतो, मोर ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतात फक्त आकडे.

आकड्यांनी मशिन चालवण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचे एक कारखानदार हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती तयार करीत. त्या पात्यांची वक्राकार घडण अचूक साधण्याच्या खटपटीतून त्यांना ही युक्ती सुचली. पुढे एमआयटी या संस्थेत १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे पहिले मिलिंग मशिन दाखवण्यात आले. त्या फितीची जागा पुढे कॉम्प्युटरने घेतली. विमानाच्या कारखान्यातले हे तंत्र हळूहळू स्वस्त होत होत आमच्यासारख्या गावच्या सुताराच्या शेडपर्यंत आले.

आता गोष्टीकडे वळू.

२०१६ सालच्या पावसाळ्यात एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. त्यांचा जुना वाडा पाडला होता. वाड्याच्या दारावर पूर्वी कोरलेली गणेशपट्टी होती. दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर मधोमध गणपती आणि दोन्ही बाजूंना वेल, अशी ती पट्टी आपल्याकडच्या जुन्या घरांवर आजही दिसते. त्यांच्या पट्टीला वाळवी लागून ती कधीच गेली होती. तिचा फोटोही कुणी काढलेला नव्हता. पण वाड्याची एक सागवानी तुळई शाबूत होती. त्या तुळईतून नव्या घराच्या दारासाठी गणेशपट्टी करून हवी होती. आजी म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा याच तुळईखालून आत आले. आता नव्या घरात निदान दारावर तरी ती असू दे."

नातू हुशार होता. त्याने पेनड्राइव्हमध्ये गणपतीचे एक चित्र आणले होते. ज्याला क्लिपआर्ट म्हणतात, त्या जातीचे. लग्नपत्रिकेवर किंवा वर्गणीच्या पावतीवर छापतात तसे. काळी बाह्यरेषा, आत लाल पितांबर, पिवळा मुकुट, पांढरे सुळे. दिसायला सुबक.

तुळई चिरली तेव्हा तिच्यातून कामाच्या दोनच फळ्या निघाल्या. चार फूट लांब, नऊ इंच रुंद, दीड इंच जाड. बाकीचे लाकूड चिरलेले, किडलेले. जुन्या लाकडात खिळे मोडून बसलेले असतात म्हणून मी लोहचुंबक फिरवून पाहिला. एक घडीव खिळा सापडला, तो काढला. एवढी काळजी घेतली. पण ज्या गोष्टीची काळजी घ्यायला हवी होती ती घेतलीच नाही.

कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावरून थेट उठाव करायची एक सोय असते. ती मोठी मोहात पाडणारी आहे. चित्र आत टाकायचे, एक बटण दाबायचे, की पडद्यावर डोंगर-दऱ्या तयार. या सोयीचा नियम अगदी साधा असतो. चित्रातला प्रत्येक ठिपका किती उजळ आहे ते बघायचे. पांढरा ठिपका सर्वांत उंच, काळा ठिपका सर्वांत खोल आणि मधल्या करड्या छटा त्या प्रमाणात मध्ये.

आता आमच्या गणपतीचे काय होईल, ते तुम्हीच मनात आणून पाहा. चित्राची मोकळी पार्श्वभूमी पांढरी, म्हणजे ती सर्वांत उंच. लाल पितांबर करड्यात गडद उतरतो, म्हणून तिथे खड्डा. म्हणजे गणपती लाकडातून वर येण्याऐवजी आत बुडाला. हे पडद्यावर माझ्याही लक्षात आले. मग मी छटा उलट्या केल्या. काळे ते उंच, पांढरे ते खोल. पार्श्वभूमी खाली गेली आणि गणपती वर आला. मला वाटले, जमले! घाई होती, गणेशचतुर्थी जवळ आली होती. मशिन सुरू केले आणि घरी जेवायला गेलो.

परत येऊन पाहतो तर काय? काळ्या बाह्यरेषा कुंपणासारख्या उभ्या राहिल्या होत्या. कारण काळे ते सर्वांत उंच! पितांबर उंच आणि चपटा, मुकुट त्याच्याहून पुष्कळ खाली, आणि सुळे पांढरे असल्यामुळे थेट तळाशी गेलेले. डोळ्यांच्या बाहुल्या दोन खुंट्यांसारख्या वर आलेल्या. पोटाला गोलाई नाही, सोंडेला वळण नाही. बिस्किटावर साच्याने उमटवलेली नक्षी असते ना, तसे काहीतरी दिसत होते. सत्तर-ऐंशी वर्षे घराचा भार वाहिलेल्या लाकडाची मी ही दशा करून ठेवली होती.

अण्णा आले. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "सोंड पुढे की सुळा पुढे?"

मी म्हणालो, "सोंड."

"मग हे तू मशिनला सांगितलेस का?"

चूक नेमकी कुठे झाली, ते त्या प्रश्नात आले. सपाट चित्राला लांबी असते, रुंदी असते, पण खोली नसते. चित्रातला रंग हा रंग असतो, ती उंची नव्हे. पितांबर लाल आहे एवढ्यावरून तो पुढे आहे की मागे, हे कळत नाही. आपण माणसे चित्र पाहताना ही खोली आपल्या डोक्यातून भरतो. सोंड पोटासमोर लोंबते, कान डोक्याच्या मागे असतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. मशिनला ते कुणीतरी सांगावे लागते.

फोटोच्या बाबतीतही हाच घोळ होतो. आजोबांचा फोटो उजळपणावरून कोरला तर पांढऱ्या मिशा टेकडीसारख्या वर येतात, काळे केस खड्ड्यात जातात आणि नाकाच्या बाजूला पडलेल्या सावलीची खाच होते. सावली हा प्रकाशाचा खेळ आहे, चेहऱ्याचा आकार नव्हे.

त्या संध्याकाळी अण्णांनी शाडूचा एक गोळा घेतला, एका फळीवर पातळ थापला आणि मला समोर बसवले. आधी प्रभावळीची पातळ चकती. तिच्यावर कान. कानांवर डोके. डोक्याखाली पोटाचा गोळा, पण कडेने फळीला मिळत गेलेला. सगळ्यांत शेवटी सोंडेची वळकटी. मग दिवा बंद करून त्यांनी बॅटरी बाजूने धरली. पाऊण बोट जाडीच्या मातीत गणपती चांगला हातभर खोल असल्यासारखा दिसू लागला. बॅटरी समोरून धरली, की पुन्हा नुसता चिखल. "उठाव म्हणजे सावलीचे काम," अण्णा म्हणाले. "माती किती जाड आहे त्याला महत्त्व नाही. कोण कुणाच्या पुढे आणि कडा कशी उतरते, त्याला महत्त्व."

तुम्हाला हे पडताळून पाहायचे असेल तर खिशातले एखादे नाणे काढा. त्यावरच्या अशोकस्तंभाच्या सिंहांवरून अंगठा फिरवा. त्यांचा उठाव मिलिमीटरभरसुद्धा नसतो. तरी मधला सिंह पुढे आणि बाजूचे दोन मागे, हे स्पष्ट कळते. तिथे खरी खोली दाबून दाबून कमी केलेली असते, पण पुढचा-मागचा क्रम मात्र बिघडू दिलेला नसतो. याच्या दुसऱ्या टोकाला वेरूळचे कैलास लेणे आहे. तिथे कैलास पर्वत हलवणारा रावण खडकातून इतका बाहेर आला आहे, की त्याच्यामागे अंधार साठतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची जोडपीही अशीच भरीव आहेत. पंधराव्या शतकात इटलीत दोनातेल्लो या शिल्पकाराने याच्या उलट केले. अगदी कागदासारख्या पातळ उठावात त्याने दूरवरची झाडे आणि इमारती दाखवल्या. म्हणजे उठाव उथळ असो की खोल, क्रमाचा हिशेब चुकवून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आजींना फोन केला. फळी बिघडली हे सांगितले आणि म्हणालो, "आजी, लाकडाचे पैसे मी भरून देतो." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पैसे देशील रे, पण ते लाकूड कुठून आणशील?" रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. शेवटी म्हणाल्या, "एक फळी आहे ना अजून? मग सावकाश कर. चतुर्थीचे राहू दे."

मग मी काम पहिल्यापासून सुरू केले. त्याच्या पायऱ्या क्रमाने सांगतो.

पहिली पायरी, चित्राच्या रेषा करून घेणे. कॉम्प्युटरमधले साधे चित्र हे रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. ते मोठे केले की कडा जिन्यासारख्या दिसू लागतात. त्याऐवजी कडांवरून नव्या रेषा ओढून घेतात. रांगोळीचे ठिपके जोडावेत तशा. अशा रेषा कितीही मोठ्या केल्या तरी गुळगुळीत राहतात. सॉफ्टवेअर हे काम आपोआपही करते, पण फार वेडेवाकडे करते, म्हणून प्रत्येक वळण हाताने नीट करावे लागते. आणि एक पथ्य असे, की प्रत्येक आकार बंद झाला पाहिजे. कानाच्या रेषेत केसाएवढी फट राहिली तर सॉफ्टवेअरला तो कान भरता येत नाही.

दुसरी पायरी, चित्राचे भाग पाडणे. प्रभावळ वेगळी, कान वेगळे, डोके, मुकुट, सुळे, पोट, पितांबर, चार हात, मोदक आणि सोंड, सगळे सुटे. क्लिपआर्टमध्ये पुढचा भाग मागच्या भागाला झाकतो. तिथे मागचा भाग पुढच्याखाली सरकवून पुरा करावा लागतो. सोंडेमागचे पोट चित्रात दिसत नाही, पण उठावात ते असावे लागते, नाहीतर सोंडेच्या कडेला भगदाड पडते.

तिसरी पायरी म्हणजे उंची ठरवणे. इथेच अण्णांची शिकवणी कामी आली. त्यांनी वहीच्या पानावर मला आकडे लिहून दिले. एकूण उठाव बारा मिलिमीटर. पार्श्वभूमी शून्य, प्रभावळ दोन, कान चार, सुळे सात, डोके आठ, पोट नऊ, मोदकाचा हात दहा आणि सोंड बारा. प्रत्येक भागाला नुसती उंची देऊन भागत नाही, त्याचा आकारही सांगावा लागतो. पोटाला घुमटाची गोलाई, कानाला मुळाशी खोल आणि कडेला उचललेला उतार, पितांबराला घड्यांच्या लाटा. मग हे भाग एकमेकांवर बसवायचे. कुठे एकावर एक बेरीज करायची, कुठे दोघांपैकी जो उंच असेल तो ठेवायचा. सगळ्यांत शेवटी सांध्यांवरून मऊ हात फिरवल्यासारखे करायचे, म्हणजे भाग चिकटवल्यासारखे दिसत नाहीत. एका गणपतीला मला चार रात्री लागल्या.

करड्या छटांचा उपयोग या पद्धतीतही होतो, पण उलट्या वाटेने. आधी उंची ठरते आणि मग तिचे करडे चित्र होते. त्याला उंचीचा नकाशा म्हणता येईल. तिथेही एक मेख आहे. साध्या करड्या चित्रात फक्त २५६ छटा असतात. बारा मिलिमीटर उंची त्यांत वाटली, की सुमारे ०.०५ मिलिमीटरची एकेक पायरी होते आणि पोटाच्या हलक्या उतारावर ती डोंगरातल्या भातखाचरांसारखी दिसू शकते. म्हणून जास्त छटांचे, ६५,५३६ छटांचे चित्र वापरतात. इंटरनेटवरच्या चित्रांत जागा वाचवण्यासाठी बारीक डाग आलेले असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण लाकडात घामोळ्यांसारखे उमटतात.

चौथी पायरी, कटरची निवड. आधी जाड कटरने लाकडाचा मोठा भाग उडवतात आणि वर अर्धा मिलिमीटर थर शिल्लक ठेवतात. मग टोकाला गोल असलेला बारीक कटर लावून शेवटचा हात देतात. हा कटर शेत नांगरावे तशा जवळजवळ ओळी घेत जातो. दोन ओळींच्या मध्ये बारीक कडा उरते. ओळींतले अंतर निम्मे केले, की ही कडा चौपट लहान होते, पण वेळ दुप्पट लागतो. टोकाला तीन मिलिमीटर व्यासाची गोलाई असलेल्या कटरने एक मिलिमीटरवर ओळी घेतल्या तर कडा ०.०८ मिलिमीटरची उरते. बाजूने उजेड पडला की ती दिसते. ओळी ०.३ मिलिमीटरवर आणल्या तर ती ०.००८ च्याही आत जाते. पॉलिश पेपरचा हलका हात पुरतो.

आता तासाभरात होईल का, या प्रश्नाचा हिशेब करू. पट्टीची रुंदी सव्वादोनशे मिलिमीटर. दर ०.३ मिलिमीटरला एक ओळ, म्हणजे साडेसातशे ओळी. प्रत्येक ओळ एक मीटर वीस सेंटिमीटरची. म्हणजे कटरला लाकडावरून नऊशे मीटर चालायचे आहे. मिनिटाला दीड मीटर या वेगाने त्याला दहा तास लागतात. पोट, सोंड अशा चढ-उतारांवर वेग कमी होतो, तो वेळ वेगळा. शिवाय सागवानात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यांनी कटरची धार लवकर जाते. त्याचा भुसा नाका-घशाला झोंबतो, म्हणून तोंडाला मास्क लावूनच उभे राहायचे.

पाचवी पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती. आधी स्वस्त लाकडावर नमुना काढून पाहणे. या वेळी एमडीएफच्या तुकड्यावर अर्ध्या मापाची पट्टी काढली. गणपती गोल, गरगरीत, सोंड पुढे, कान मागे. मी खूष. अण्णांनी तो तुकडा खिडकीपाशी नेला आणि विचारले, "आजींची पट्टी कुठल्या सोंडेची?"

"डाव्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते."

"मग हा बघ."

सोंड उजवीकडे वळलेली होती! झाले होते असे, की एका बाजूचा वेल काढून मी तो आरशातल्यासारखा उलटवून दुसऱ्या बाजूला लावला होता. वेलाला ते चालते. पण उलटवताना माझ्याकडून गणपतीही निवडला गेला आणि तोही उलटला. मोदक डाव्या हातातून उजव्या हातात गेला, आशीर्वादाचा हात डावा झाला. क्लिपआर्टवाल्याला दोन्ही बाजू सारख्याच. आपल्याकडे मात्र उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळ्याचा, असे मानतात. मुंबईचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे. घरच्या दारासाठी लोक डाव्या सोंडेचाच मागतात. कुणी हे मानो वा न मानो, आजींनी डाव्या सोंडेचा मागितला होता. शेवटच्या फळीवर उजव्या सोंडेचा निघाला असता तर त्यांना काय सांगायचे? तो एमडीएफचा तुकडा मी अजून भिंतीवर टांगून ठेवला आहे.

मग फळी टेबलावर चढवली. लाकडाचे तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने ओळी घेतल्या, म्हणजे कुसळे कमी निघतात. या वेळी मी जेवायला गेलो नाही. अण्णाही खुर्ची टाकून बसले. रात्री मशिन थांबले तेव्हा गणपती वर आला होता, पण अजून थोडा झोपेत असल्यासारखा. याला कारण आहे. तीन दिशांनी चालणारा कटर नेहमी वरून खाली उतरतो. त्याला सोंडेच्या कडेखाली शिरून आतून पोखरता येत नाही. शिवाय टोक गोल असल्यामुळे जिथे टोकदार कोपरा हवा तिथेही तो गोलाई ठेवतो. डोळ्याचा कोपरा, नखाची रेघ, मुकुटाचा मणी, सगळे जरा बोथट राहते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपल्या पटाश्या पाजळल्या. सोंडेच्या खालच्या कडेने थोडे आत कोरले, तशी तिथे गडद सावली आली आणि सोंड पोटापासून सुटली. डोळ्याच्या कोपऱ्यात पटाशीचे टोक टेकवून दोन घाव. कानाच्या कडेला एक मुरड. वेलाच्या प्रत्येक पानाला मधली शीर. हे दोन दिवसांचे काम होते, दोन महिन्यांचे नव्हे. खांद्याने तेवढी साथ दिली. लाकूड उडवण्याचे कष्ट मशिनने घेतले होते. अण्णांच्या वाट्याला फक्त पारख करण्याचे काम राहिले होते, आणि तेच त्यांना अजून येत होते.

मशिनमुळे हातकारागिरी मरणार का, असे मला नेहमी विचारतात. त्याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या कामात नुसती मेहनत होती ते काम मशिनकडे गेले, आणि त्यावर पोट असलेल्या काहींचे काम गेले, हे खरे आहे. बाजारात आज एकाच फाइलवरून काढलेल्या शेकडो देव्हाऱ्यांवर एकच गणपती दिसतो, हेही खरे आहे. पण उंचीचे आकडे कुणी लिहायचे, हा प्रश्न मशिन आल्यावरही उरतोच. मी तेव्हा वापरत असलेले आर्टकॅम नावाचे सॉफ्टवेअर २०१८ साली कंपनीने बंद केले. आता दुसरी आली आहेत. आज तर चित्र दिले की खोली ओळखून उठाव करून देणारे एआयचे प्रोग्रॅमही आहेत. मी ते वापरतो. बाहुलीची खुंटी करण्यासारख्या चुका ते सहसा करीत नाहीत, वेळही वाचतो. पण सोंड कुठल्या बाजूची हवी आणि दारावर उजेड कुठून येणार, हे आजींना आणि घराला विचारावे लागते.

आणखी एक सांगावेसे वाटते. क्लिपआर्टचे चित्रही कुणीतरी काढलेले असते. काही चित्रे सर्वांना वापरायला मोकळी असतात, काही फक्त घरगुती कामापुरती, तर काहींचे पैसे द्यावे लागतात. चित्रासोबत त्याच्या अटी लिहिलेल्या असतात. व्यवसायात वापरण्याआधी त्या वाचाव्यात. अण्णांची प्रभावळ कुणी न विचारता उचलली तर आम्हाला जसे वाटेल, तसेच त्या चित्रकारालाही वाटत असणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पट्टी नव्या दारावर बसवली. आजींना खुर्चीवर उभे करून नातवाने धरले. त्यांनी चष्मा काढला आणि हाताने गणपती चाचपून पाहिला. प्रभावळ, कान, पोट, सोंड. मग विचारले, "पहिल्या फळीचे काय केलेस रे?"

मी म्हणालो, "ठेवली आहे, आजी."

"टाकू नकोस. मागची बाजू चांगली असेल. तिचा पाट करून दे मला."

बिघडलेली बाजू रंधून काढली तेव्हा दीड इंचाची फळी इंचभर उरली. तिचे दोन पाट झाले. एक आजींकडे आहे. दुसरा त्यांनी अण्णांना दिला. खांदा दुखत नसेल त्या दिवशी अण्णा त्या पाटावर बसतात आणि माझ्या पडद्यावरच्या आकड्यांत चुका काढतात.